सोबती प्राणी : कासवाला पाणी हवं तरी किती?



या आठवड्यात सोलापूरहून एक पत्र आलंय. लिहिणारी आठवीत आहे. पत्र असं –

"काका, माझ्या धाकट्या भावाच्या वाढदिवसाला मामानं एक हिरवंगार कासव आणून दिलं. रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं आहे. काचेच्या गोल भांड्यात ठेवलंय. त्यात प्लॅस्टिकचं बेट आहे, बेटावर नारळाचं झाडसुद्धा आहे. आधी खूप हातपाय मारायचं. आता चार दिवस झाले, काही खात नाही आणि त्याचे डोळे सुजलेत. आजी म्हणते, घरात कासव असणं शुभ असतं, राहू दे. बाबा म्हणतात, कंबर तलावात सोडून येऊ. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मग याचं पाणी किती दिवसांनी बदलायचं? आणि तलावात सोडलं तर ते जगेल ना?"

एका पत्रात किती प्रश्न! पण सगळे प्रश्न नेमके आहेत, म्हणून आजचं पान पूर्ण त्यांनाच देऊ.

आधी डोळे

डोळे सुजलेलं आणि अन्न सोडलेलं कासव आजारी असतं. त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि लवकर न्या. घरातले माणसांचे डोळ्यांचे थेंब त्याच्या डोळ्यांत घालू नका. डोळे सुजण्याची दोन कारणं वारंवार आढळतात. एक म्हणजे घाण पाणी आणि दुसरं म्हणजे आहारात 'अ' जीवनसत्त्व कमी पडणं. कासव डोळ्यांनी बघून खाणं शोधतं. दिसलं नाही की ते खात नाही आणि खाल्लं नाही की आणखी अशक्त होतं. डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्याला स्वच्छ, कोमट पाण्यात ठेवायचं. कोमट म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच हं, आंघोळीचं कढत पाणी नव्हे!

हे कासव आहे तरी कुठलं?

पत्रातल्या कासवाच्या डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे का, ते बघा. असेल तर ते 'रेड इअर्ड स्लायडर', म्हणजे लाल कानाचं कासव. दुकानात मिळणारी नाण्याएवढी हिरवी कासवं बहुतेक हीच असतात. त्यांचं मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आणि मेक्सिकोच्या उत्तर भागात. 'स्लायडर' म्हणजे घसरणारं. ओंडक्यावर ऊन खात बसलेलं हे कासव जरा चाहूल लागली की सुळ्ळकन् पाण्यात घसरतं, म्हणून हे नाव.

या नावातच त्याच्या गरजा लपलेल्या आहेत बरं का. पोहायला पाणी हवं आणि ऊन खायला कोरडी जागाही हवी. ते माशासारखं चोवीस तास पाण्यात राहत नाही, कारण ते फुफ्फुसानं श्वास घेतं. आणि जमिनीवरच्या कासवासारखं कोरड्यावरही राहू शकत नाही, कारण त्याला अन्न गिळायलासुद्धा पाणी लागतं! कोरड्या जागी खाऊ ठेवला तर ते तो तोंडात धरून पाण्यात जातं आणि तिथे गिळतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. नाण्याएवढं पिल्लू कायम नाण्याएवढं राहत नाही. मादीचं कवच २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतं, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. नर थोडा लहान असतो. चांगलं सांभाळलं तर ते २० ते ३० वर्षं जगतं, कधी त्याहूनही जास्त. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचा भाऊ नोकरीला लागेल, त्याचं लग्न होईल, तेव्हाही कासव पोहत असेल! काही जण म्हणतात, लहान भांड्यात ठेवलं की कासव लहानच राहतं. ते खोटं आहे. लहान भांड्यात ते आजारी पडतं, त्याचं कवच वेडंवाकडं होतं.

आता पाण्याचं गणित

कासवं पाळणारे लोक एक सोपा हिशोब वापरतात. पाठीच्या कवचाची लांबी मोजायची आणि दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर पाणी धरायचं.

कवच ४ सेंटिमीटर : ६० लिटर
कवच १० सेंटिमीटर : १५० लिटर
कवच २० सेंटिमीटर : ३०० लिटर

३०० लिटरची टाकी केवढी? लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. १०० लांब, ५० रुंद आणि ६० उंच अशी टाकी काठोकाठ भरली की ३०० लिटर पाणी होतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच ३०० किलो! अशी टाकी अभ्यासाच्या टेबलावर ठेवता येणार नाही, हे आलं ना लक्षात?

पाणी खोलही हवं. कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट ते दुप्पट. याला कारण आहे. उथळ पाण्यात कासव पाठीवर उलटं पडलं तर त्याला वळायला जागा मिळत नाही आणि नाक पाण्याखाली राहिलं तर पोहणारं कासवही बुडून मरतं. खोल पाण्यात ते सहज सुलटं होतं.

आता तुम्ही म्हणाल, "काका, सोलापुरात माणसांना पाणी भरून ठेवावं लागतं, आणि कासवाला साठ लिटर?" बरोबर आहे. उजनीचं पाणी नळाला येतं त्या दिवशी पिंपं, हंडे, हौद भरून ठेवायची सवय सोलापूरकरांना सांगायला नको. पण इथेच एक गंमत आहे. काचेच्या त्या गोल भांड्यात पाणी मावतं जेमतेम ३ लिटर. ते एका दिवसात घाण होतं, म्हणून रोज बदलावं लागतं. आठवड्याला झालं २१ लिटर. याउलट ६० लिटरच्या टाकीला चांगला फिल्टर लावला तर आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदललं तरी चालतं. म्हणजे १५ लिटर, एक बादली! छोट्या भांड्यालाच पाणी जास्त लागलं. शिवाय मोठ्या टाकीत कासव सुखात राहिलं ते वेगळंच.

पाणी घाण का होतं?

कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच शी-शू करतं. उरलेलं अन्नही तिथेच कुजतं. या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना, कातडीला झोंबतो. पाणी वरून स्वच्छ दिसलं तरी त्यात अमोनिया असू शकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

या अमोनियाचा बंदोबस्त कोण करतं? जिवाणू! एका जातीचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. तेही विषारीच असतं. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. शेतातल्या मातीतही हेच काम चालू असतं. टाकीतले हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीचं पाणी सुरुवातीला वरचेवर बदलावं लागतं. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला तर क्लोरीनमुळे सगळी वस्ती उठते! तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हातानं पिळून घ्यायचा.

फिल्टर घेताना टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. फिल्टर नसेल तर दोन-तीन दिवसांनी बहुतेक सगळं पाणी बदलावं लागतं. आणखी एक युक्ती म्हणजे कासवाला खाऊ घालायला वेगळा टब ठेवायचा. खरकटं त्या टबातच राहतं आणि टाकी कमी घाण होते.

नळाचं पाणी थेट ओतू नका. उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो. बोअरचं पाणी जड असेल तर कवचावर आणि काचेवर पांढरे डाग पडतात. तेव्हा ते नळाच्या साठवलेल्या पाण्यात मिसळून वापरा.

आणि टाकीतून काढलेलं पाणी मोरीत ओतू नका बरं! त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. जास्वंदीला, मोगऱ्याला, दारातल्या कडुनिंबाला घाला. फक्त कोथिंबीर, मेथी, पुदिना अशा खायच्या कुंड्यांना घालू नका. त्याचं कारण पुढे सांगतो.

ऊन हवं, पण सोलापूरचं नको!

कासवाचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. बाहेर ऊब असेल तर अंगात ऊब. पोटातलं अन्न पचायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते. पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि बसायची कोरडी जागा ३० ते ३५ अंश, असं त्याला मानवतं.

कोरड्या जागेसाठी प्लॅस्टिकचं बेट कुचकामाचं. कासव वाढलं की ते त्याच्यासकट बुडतं. विटा रचून वर फरशीचा तुकडा ठेवा आणि चढायला खरबरीत उतार करा. कासवाचं अख्खं अंग आणि पोटाकडचं कवचसुद्धा सुकलं पाहिजे. सतत ओल्या राहणाऱ्या कवचावर बुरशी येते. तळाला बारीक खडे घालू नका, कासव ते गिळतं. घालायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे घाला.

उन्हाचं दुसरं काम तुम्ही शाळेत शिकलाच आहात. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीनं कॅल्शियम हाडांत जातं. 'ड' कमी पडलं की मुलांना मुडदूस होतो. कासवाचं कवच हाडाचंच असतं, ते बोटानं दाबलं तर दबेल इतकं मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मात्र या कामाचं नाही. काच ऊब आत सोडते, पण हवे ते किरण अडवते. म्हणून ऊन उघडंच मिळायला हवं, नाहीतर त्यासाठीचा खास दिवा आणावा लागतो.

पण थांबा! सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४० च्या वर आणि गच्चीवर पाय टेकवत नाही. अशा उन्हात छोट्या भांड्यातलं पाणी बघता बघता तापतं. कासवाला घाम येत नाही आणि भांड्यातून पळून जायला जागा नसते. त्याचं अंग ४० अंशांच्या पुढे तापलं की जिवावर बेततं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटं पुरे. टब अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवायचा. शेजारी कुणीतरी मोठं बसलेलं हवं, कारण कावळे, घारी आणि मांजरं टपलेली असतात. दुपारी टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हवी. पाणी तापत असेल तर टाकीच्या बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हेही थोडं उतरतं. पाण्यात बर्फ मात्र टाकू नका. एकदम गार झालेलं पाणीही त्याला सोसत नाही.

हिवाळ्यात उलट अडचण. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कासव मंदावतं आणि खाणं सोडतं. तेव्हा बळेबळे भरवायचं नाही, कारण न पचलेलं अन्न पोटात कुजतं. आधी ऊब द्यायची. टाकीत हीटर लावायचा तर तो जाळीच्या आवरणासकट लावा. आणि वायरींना हात मोठ्यांनीच लावायचा.

ताटात काय?

पिल्लू असताना हे कासव बहुतेक मांसाहारी असतं. मोठं होईल तसं ते पालापाचोळ्याकडे वळतं. कासवांसाठी मिळणाऱ्या गोळ्या मुख्य जेवण म्हणून द्या, पण फक्त त्याच नकोत. सोबत गांडूळ, छोटा मासा, पाण्यातल्या वनस्पती, किसलेलं गाजर, लाल भोपळा असं आलटून पालटून द्या. गाजर-भोपळ्यातून 'अ' जीवनसत्त्वाला मदत होते. चपाती, पाव, कुरमुरे, दूध, फरसाण अजिबात नको. पिल्लाला रोज, मोठ्या कासवाला एक दिवसाआड.

साबण विसरू नका

कासवाच्या अंगावर आणि पाण्यात 'साल्मोनेला' नावाचे जिवाणू असू शकतात. कासवाला त्यांचं काही वाटत नाही, पण माणसाला जुलाब, उलट्या, ताप येतो. लहान मुलांना जास्त त्रास होतो. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरहून लहान कासवं विकायला बंदी घातली. म्हणून कासवाला हात लावला की साबणानं हात धुवा. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका. कासवाचा पापा तर मुळीच घेऊ नका! कोथिंबिरीच्या कुंडीला हे पाणी का नको, तेही आता कळलं असेल.

तलावात सोडायचं का?

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. उत्तर आहे – नाही. कंबर तलावात नाही, सिद्धेश्वर तलावात नाही, हिप्परग्याच्या तलावात नाही, शेतातल्या विहिरीतही नाही.

आजारी पिल्लू सोडलं तर ते बहुधा मरेल. आणि जगलं तर? ते जास्त वाईट. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून अशी पाच कोटींहून अधिक कासवं जगभर विकली गेली. 'निंजा टर्टल्स' तेव्हा मुलांच्या फार लाडकी होती, त्याचाही त्यात हात होता. कासवं मोठी झाली, भांड्यात मावेनात आणि लोकांनी ती तळ्यांत सोडली. तिथे ती मूळच्या कासवांच्या उन्हाच्या जागा बळकावतात, त्यांचं अन्न खातात, रोग पसरवतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत आज या कासवाचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्याकडे केरळात थ्रिसूरजवळच्या एका कालव्यात २०१८ मध्ये ही कासवं सापडली. तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेला लोकांना आवाहन करावं लागलं, की तुमची कासवं पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या.

आपल्या तळ्याविहिरींत आपली स्वतःची कासवं आहेत ना! 'इंडियन फ्लॅपशेल' नावाचं कासव डबक्यांत, तळ्यांत, विहिरींत राहतं. पाय आत ओढले की पोटाखालच्या झडपा मिटून ते मागचे पाय झाकून टाकतं. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात पुरून घेऊन पावसाची वाट बघतं. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात 'लेथचं मऊ पाठीचं कासव' आहे. ते आज नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. त्यांच्या घरात आपण परका पाहुणा घुसवायचा का?

ही आपली देशी कासवं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासवही त्यातच आलं. कुणाकडे असं कासव दिसलं, विहिरीत किंवा रस्त्यावर जखमी सापडलं, तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि आजीचं म्हणणं?

आजीला सांगा, कासव शुभ आहे हे अगदी खरं. म्हणून तर देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं. कासव जसं हातपाय आत ओढून घेतं, तसं माणसानं मन आवरावं, हे ते कासव सांगतं. पण देवळातल्या दगडी कासवाला फिल्टर लागत नाही! जिवंत कासवाला पाणी, ऊन, अन्न, डॉक्टर, सगळं लागतं. ते सोसून, उपाशी राहून कुणाचं शुभ करणार?

मग या पिल्लाचं काय? घरात आणलेलंच आहे, तर आता ते तुमचं. सगळ्यांनी मिळून बसा आणि मोकळेपणानं ठरवा. मोठी टाकी, रोजची निगा आणि पुढची वीस वर्षं जमणार असतील तर नीट सांभाळा. पुढे टाकीऐवजी अंगणातला जुना हौदही वापरता येईल. अर्धी सावली, चढायला उतार आणि वर जाळी एवढं हवं. जमणार नसेल तर त्यात लाज नाही. डॉक्टरांना किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारून, ज्यांच्याकडे योग्य जागा आहे अशांच्या हाती द्या. आणि ज्यांनी अजून कासव आणलेलं नाही, त्यांना माझा सल्ला एकच – आणू नका. विकत घेतलेल्या प्रत्येक पिल्लामागे दुकानदार आणखी एक पिल्लू मागवतो.

या आठवड्याचा उद्योग

एक वाटी आणि एक बादली घ्या. दोन्हींत एकाच पिंपातलं पाणी भरा आणि सकाळी दहा वाजता दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवा. तशीच दुसरी वाटी आणि बादली सावलीत ठेवा. दुपारी तीनपर्यंत दर तासाला चारही ठिकाणचं तापमान मोजा आणि वहीत तक्ता करा. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतली तापमापी मागून घ्या. तापाची तापमापी वापरू नका, ती फुटेल. कुठलं पाणी सर्वांत आधी ३५ अंशांच्या पुढे गेलं? तक्ता गावाच्या नावासह आम्हाला पाठवा. सोलापूर, महाबळेश्वर आणि रत्नागिरीचे आकडे शेजारी शेजारी छापू.

पुढच्या आठवड्यात भिंतीवरची पाल. ई म्हणू नका, वाचा!